फणसाचा ओटा

पातेलं माझ्या हातून निसटलं, एवढंच झालं. आठ डब्यांची आमटी ज्यात होते ते पातेलं, नशिबाने रिकामं. ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं, तिथून उडून लादीवर, आणि लादीवर गोल गोल फिरत बसलं मेलं, थांबायचं नाव नाही. वाकून ते धरलं आणि वर बघते तर हे, माझे यजमान, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेले, दोन्ही कान तळव्यांनी दाबून धरलेले, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी. बावन्न वर्षांचा माणूस. सासूबाई गेल्या तेव्हा, गिरणीत परत घेणार नाहीत हे कळलं तेव्हा, लालबागची खोली दुसऱ्याच्या नावावर करून आम्ही घाटकोपरला आलो तेव्हा, एकदाही ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नाही, ते आज एका पातेल्यापायी रडत होते. मी समोर बसून विचारलं, "काय झालं? लागलं का कुठे?" त्यांनी नाही अशी मान हलवली, हात खाली घेतले, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि उठून बाहेरच्या खोलीत खाटेवर जाऊन बसले. मी पातेलं घासायला घेतलं. घासताना मनात एकच होतं, की हे मी केलंय.

कारण भांडी मी आपटत होते. त्या दिवशी निसटलं ते खरंच निसटलं, देवाशपथ, पण त्याआधीची चार वर्षं मी आपटतच होते. संप झाला ब्याऐंशीला. पहिलं वर्ष सगळ्यांचंच तसं गेलं, कोणी कोणाला नावं ठेवायची? पण मग बाकीचे हलले. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी गेला, कोणी रिक्षा चालवायला लागला. हे बसले. मी डबे सुरू केले; बँकेतली, कंपन्यांतली एकटी राहणारी आठ माणसं, दोन वेळचं जेवण. पहाटेपासून मी ओट्यापाशी उभी. आणि हे काय करणार, तर उंबऱ्यात येऊन बसणार, भाजी निवडून देणार आणि माझ्याकडे बघत राहणार. बोलणं नाही, चालणं नाही. बाहेर खोली आहे, खिडकी आहे, रेडिओ आहे, पण नाही, बसायचं ते माझ्या पायात. मला इतका राग यायचा! तोंडाने बोलायची मला सवय नाही, आईनेच तसं वाढवलं, नवऱ्याला उलटून बोलायचं नाही म्हणून. मग बायका करतात तेच मी करायचे. झाकण आपटायचं. परात दाणकन ठेवायची. कालथा कढईच्या काठावर असा मारायचा की खालच्या मजल्यावर कळावं, सुगंधाबाईंचं आज बिनसलंय. कडप्पा थंड दगड, त्यावर स्टीलचं भांडं पडलं की आवाज भिंतींतून फिरून परत यायचा. मला तो आवाज आवडायचा, खोटं कशाला सांगू. माझ्या वतीने कोणीतरी बोलतंय असं वाटायचं.

पवईला एका कंपनीत त्यांना वॉचमनचं काम लागलं होतं. गिरणीतल्या त्यांच्याच जुन्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, शब्द टाकला होता. खाकी कपडे मी स्वतः इस्त्री करून दिले. चौथ्या दिवशी कपडे घडी घालून परत घेऊन आले. "जमलं नाही," म्हणाले. का जमलं नाही? गेट उघडायचं आणि गेट लावायचं, त्यात न जमण्यासारखं काय असतं? मी विचारलं नाही. आठवडाभर भांडी आपटली. हे उंबऱ्यात बसून राहिले, आणि मला वाटलं, बघा, काय निर्लज्ज माणूस आहे, एवढं ऐकवतेय तरी जागचा हलत नाही.

आणि आता हा रडला. म्हणजे सगळं ऐकत होता. प्रत्येक झाकण, प्रत्येक परात त्याला लागत होती आणि तो मुकाट्याने सोसत होता, आणि मी कैदाशीण आपली आपटत राहिले. त्या दुपारी डबे गेल्यावर मी ताट वाढून घेतलं आणि तसंच बाजूला सारलं. माझ्या ध्यानात आलं की गेले काही महिने ते अधूनमधून कान दाबत होते. मी बघत होते, पण बघून न बघितल्यासारखं करत होते. मग मला साचेखातं आठवलं. लग्नानंतर एकदाच गेले होते गिरणीत, दसऱ्याला, पूजा बघायला. पूजा झाल्यावर गंमत म्हणून यांनी चार साचे सुरू करून दाखवले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. नुसते चार. मी पदर तोंडावर धरून मागे सरले, छातीत धडधड, कानांत दडे. आणि हे हसत होते. तिथे असे आठशे चालायचे, तीन पाळ्या. माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येणं शक्य नाही, म्हणून साचेवाले ओठ बघून बोलायचे, हातांनी खुणा करायचे. मिशीला पीळ दिला की जॉबर आला. दोन बोटं खाली वाकवली की धागा तुटला. ती सवय घरी यायची. आमच्या चाळीत साचेखात्यातले सातआठ जण होते, त्यांच्या बायकांना सगळ्या खुणा पाठ. नवऱ्याशी बोलायचं तर समोर जायचं, तोंड दिसेल असं उभं राहायचं, हे आम्हाला शिकवावंच लागलं नाही. मला तर ते बरंच वाटायचं. दुसऱ्या खात्यातले नवरे बायको बोलत असताना पेपरात डोकं घालून बसायचे. आमचे हे माझ्या ओठांवरची नजर हलवायचे नाहीत. बाविसाव्या वर्षी साचेखात्यात लागले, अठ्ठेचाळीसपर्यंत तेच. एवढा गोंगाट खाल्लेल्या माणसाला म्हातारपणी घरात तरी शांतता नको? मला तेव्हा हेच सुचलं आणि मी पक्कं ठरवलं. हा कडप्पा काढायचा. घरातला आवाज बंद करायचा. आपला राग आपल्या पोटात ठेवायचा आणि या माणसाला चार सुखाचे दिवस द्यायचे.

शेजारच्या शुभाला सांगितलं. शाळेत शिकवते, हुशार आहे, पण तोंडाने फटकळ. म्हणाली, "काकू, वेड्या झालात का? लोक लाकूड काढून दगड घालतात आणि तुम्ही उलटं?"

"दगडावर भांडी वाजतात गं."

"मग हळू ठेवा ना! ओटा कशाला फोडताय?"

"आठ डब्यांचा स्वयंपाक हळू होतो का? तू करून दाखव."

"आणि काका काय म्हणतात?"

"ते काय म्हणणार. त्यांना न विचारताच करणार आहे."

पैसे कुठून आणले ते सांगत बसत नाही. गळ्यातलं होतं, आता नाही, एवढं पुरे. कुर्ल्याला जुन्या लाकडाच्या वखारी आहेत, पाडलेल्या बिल्डिंगींचे वासे, दारं, फळ्या सगळं तिथे येतं. मी पिशवीत घरातली स्टीलची वाटी घेऊन गेले. वखारवाल्याने एकेक फळी दाखवायला सुरुवात केली आणि मी एकेकीवर वाटी ठेवून बघायला लागले, आधी हळू, मग जरा जोरात. शिसव खणकन वाजलं, नको. साग बरं होतं, पण त्यातही टक्कन एक टोक होतं. मी डोळे मिटून ऐकायचे. उभ्या आयुष्यात असं लक्ष देऊन मी कधी काही ऐकलं नव्हतं. त्या दहा बाय दहाच्या लाकडी पसाऱ्यात, भुशाच्या वासात, मला एकदम फार बरं वाटायला लागलं, लहानपणी आईच्या बरोबर बाजारात गेल्यासारखं. वखारवाला शेवटी कंटाळून म्हणाला, "बाई, तुम्हाला लाकूड घ्यायचा हाय का वाटी विकायचा हाय?" मी म्हटलं, "तुमचं लाकूड बोलतं फार. न बोलणारं दाखवा." तो हसला आणि मागून फणसाची जाड फळी काढली, दोन इंच तरी असेल, पिवळी, वरून मळलेली. मी वाटी आपटली. थप्प. एवढंच. आवाज तिथल्या तिथे मेला. आमच्या गावी फणसाचे पाट असायचे, दारं असायची, मला ते लाकूड अनोळखी नव्हतं. हात फिरवला तर गार नाही, ऊनही नाही. हीच, मी म्हटलं.

सुतार गावचाच, दशरथ, यांना भावासारखा. त्याने ओटा बघितला, फळी बघितली आणि कपाळाला हात लावला. "वयनी, ओट्याक लाकूड कोण घालता? पाण्यान कुजतला."

"तेल पाजू. तू माप घे."

"काशीरामदादा, तुमी तरी सांगा यांका."

हे उंबऱ्यात बसून आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. हसले. हाताने खूण केली, करू दे तिला काय करायचंय ते. दशरथ म्हणाला, "माका काय, सांगशात तसा करतंय. पण मागीर माका नावां ठेवू नकात."

सहा आठवडे गेले त्यात. दशरथ त्याच्या सवडीने यायचा. पहिल्या दिवशी त्याने घण घालून कडप्पा फोडला. मी यांना म्हटलं, तुम्ही खाली जाऊन बसा, आवाज होईल. गेले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले आणि प्रत्येक घावाला डोळे मिटत होते. मला वाटलं, किती सोसतात. मग फळी कापून तुकडे रंधले, सांधले, खाली सागाचे पाय लावले. माझी उंची मोजून ओटा केला दशरथने, जुना इतका वर होता की माझे खांदे भरून यायचे, हा कमरेला बरोबर. शेगडीखाली पत्रा घालूया म्हणाला, मी घालू दिला नाही, पत्रा वाजतो. ॲस्बेस्टॉसचा तुकडा घातला. जवसाचं तेल गरम करून मी स्वतः फडक्याने चोळलं, तीनदा, मधे दोन दोन दिवस वाळू देऊन. पिवळं लाकूड मधासारखं झालं. मग मी बाकीच्या गोष्टींच्या मागे लागले. स्टीलचे डाव काढले, लाकडी आणले. डब्यांच्या झाकणांना आतून जुन्या धोतराच्या चिंध्या लावल्या. मांडणीवर गोणपाट अंथरलं. हातातल्या बांगड्या कमी करून एकेक ठेवली. नळाखाली बादली भरताना धार वाजते, म्हणून तिच्यात फडकं सोडायला लागले. शुभा म्हणाली, "काकू, तुमच्याकडे कोणी राहतं की नाही असं वाटतं हल्ली." मला इतका अभिमान वाटला त्या वाक्याचा. पहाटे मी उठायचे, आठ माणसांचं रांधायचे, आणि सुईएवढा आवाज नाही. रागही यायचा मधूनच, अगदी पूर्वीसारखा, हात वर व्हायचा झाकणासकट. मग मी ते झाकण लाकडावर टेकवायचे आणि राग हातातच राहायचा. रोज थोडा थोडा. काही दिवसांनी मला वाटायला लागलं की आपल्या अंगातच काहीतरी कमी झालंय.

पण हे सुधारले नाहीत. उंबऱ्यात बसणं हळूहळू बंद झालं. खोलीत येरझाऱ्या घालायचे. भाजी निवडायला दिली तर अर्धी निवडून उठायचे. जेवताना एकदम थांबायचे आणि डोकं एका बाजूला कलवून बसायचे, कानात पाणी गेलेल्या माणसासारखे. कान दाबणं तर दिवसातून दहा वेळा. मी माझंच घर तपासत फिरले, कसला आवाज राहिलाय म्हणून. घड्याळाची टिकटिक राहिली होती. घड्याळ काढून शुभाकडे ठेवलं.

मग एका दुपारी, डबे गेल्यावर, मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. ते खाटेवर होते, हात कानांवर. मी ते हात धरून खाली घेतले. आता विचारायचंच ठरवलं होतं. "आता बरं वाटतंय ना?" मी म्हटलं. "आता आवाज होत नाही ना?"

"होतो," ते म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले. हल्ली मोठ्यानेच बोलायचे, मला वाटायचं चिडतात.

"कसला? मी तर सगळं बंद केलंय. सांगा ना कसला, तोही बंद करते."

त्यांनी दोन्ही हात समोर धरले आणि एका हाताकडून दुसऱ्याकडे मागातला धोटा जातो तशी खूण केली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. "साचे," म्हणाले. "थांबतच नाहीत. संप झाल्यापासून. सगळे बाहेर आले, माझ्या डोक्यातले चालूच राहिले. तिन्ही पाळ्या."

त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"तू भांडी आपटायचीस ना, तेव्हा जरा मागे सरायचे. तेवढंच एक ऐकू यायचं नीट. म्हणून तर येऊन बसायचो तिथे. ते पातेलं पडलं त्या दिवशी, आठवतं? एवढा वेळ फिरलं ते. तेवढा वेळ साचे अगदी बंद होते. चार वर्षांत पहिल्यांदा. मग तू ते उचललंस आणि पुन्हा सुरू झाले."

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडले. खरंच ओरडले.

"काय सांगणार? जोरात आपट म्हणून? तुझं कामच तसं होतं, होत होतं आपोआप. आणि बहिरा झालोय म्हणून सांगितलं तर आहे तीही किंमत गेली असती. पवईला तेच झालं. गेटवर गाडी हॉर्न मारत होती, मी पाठमोरा उभा. साहेब खाली उतरून हात धरून म्हणाला, बाबा, घरी जा."

"ओटा करत होते तेव्हा तरी बोलायचं!"

"तू एवढी खूश होतीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

मी उठले. म्हटलं, उद्याच्या उद्या कडप्पा आणते, दशरथला आत्ता निरोप पाठवते, सगळं काढून टाकते, चिंध्या काढते, स्टीलचे डाव परत लावते, आपटते, रोज आपटते, पहाटेपासून. बोलतच सुटले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, कारण बोलता बोलता मी दुसरीकडे बघत होते.

"नको," ते म्हणाले. "आता नाही ऐकू येत तेही. दशरथने दगड फोडला ना, तो छान ऐकू आला होता. त्यानंतर कमी कमी होत गेलं. आता काहीच नाही."

"आणि माझं बोलणं?"

"ते मी बघतो," ते म्हणाले.

दवाखान्यात नेलं मी. बाहेर तीन तास बसलो. डॉक्टरने कानात बघितलं, डोक्याला काहीतरी लावून बघितलं आणि मला म्हणाला, नस गेली आहे, मशीनचाही उपयोग नाही. आवाज मात्र येत राहील, त्याला औषध नाही. आधी आणलं असतं तर, म्हणाला, आणि पुढचं वाक्य पुरं केलं नाही, पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मनात हिशेब केला. ते सहा आठवडे. त्यांना बाहेरचं शेवटचं जे काही ऐकायला मिळायचं होतं ते सहा आठवडे, आणि मी वाटी घेऊन गप्प लाकूड शोधत फिरत होते. झाकणांना चिंध्या शिवत होते. माझ्या रागाचा त्यांना आधार होता, आणि मी चांगली बाई व्हायला गेले आणि तो काढून घेतला. हे मी कोणाला सांगू? शुभाला सांगितलं तर ती म्हणेल, काकू, तुम्हाला काय माहीत होतं. तेच तर म्हणते मी. सव्वीस वर्षं एका खोलीत राहून मला काय माहीत होतं?

डबे चालूच आहेत. आठाचे दहा झालेत. ओटा छान झालाय, येणारा जाणारा बघतो, दशरथ आपल्या गिऱ्हाइकांना दाखवायला आणतो. हे पुन्हा उंबऱ्यात बसायला लागलेत, सवय म्हणून, भाजी निवडतात. काल दुपारी मी भाकऱ्या थापत होते, पाठ त्यांच्याकडे. तवा तापला होता, खिडकीतून ऊन ओट्यावर आलेलं. काय वाटलं कोण जाणे. यांचं नाव लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. चारचौघांत नाही, अंधारात नाही, रागातसुद्धा नाही. मी भाकरी थापता थापताच म्हटलं, "काशीराम." मागे काही हललं नाही. मी हात थांबवले आणि मोठ्याने म्हटलं, "काशीराम!" मग घशातून ओरडले, "काशीराम! अहो काशीराम!" शुभा धावत आमच्या दारात आली, हातात तपासायच्या वह्या तशाच, आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मी वळून बघितलं. हे खाली मान घालून मेथीची पानं खुडत होते.